जुनी स्वयंचलित मोटार घेताना : आधी यंत्र, मग कागद

मोटार ही एके काळी चैनीची वस्तू मानली जात असे. आज तालुक्याच्या गावी नेमणूक असलेला कर्मचारी, लांबच्या शाळेवर जाणाऱ्या शिक्षिका, घरातील वृद्धांना वरचेवर दवाखान्यात न्यावे लागणारे कुटुंब, अशा अनेकांच्या दृष्टीने ती गरजेची वस्तू झाली आहे. नव्या मोटारीची किंमत प्रत्येकास झेपतेच असे नाही. साहजिकच जुन्या व छोट्या मोटारीकडे लोकांचा ओढा असतो. त्यातही क्लचचे पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी मोटार मिळाली तर बरी, असे अलीकडे पुष्कळांना वाटू लागले आहे. ठाणे-पुण्यासारख्या शहरांतील गर्दीत दर दहा पावलांवर क्लच दाबण्याचा त्रास वाचतो; गुडघेदुखीने बेजार असलेल्या माणसास, डाव्या पायात अधूपणा असलेल्यास किंवा उतारवयात मोटार शिकणाऱ्यास ही सोय मोलाची ठरते.

जुन्या मोटारीचा रंग, गाद्या आणि टायर कोणासही दिसतात. ज्यांच्यामुळे पुढे खरे नुकसान होते त्या दोन गोष्टी मात्र वरवर पाहून कळत नाहीत. एक म्हणजे गिअर बॉक्सचा प्रकार व त्याची अवस्था, आणि दुसरी म्हणजे नोंदणी पुस्तकावरील नाव. किल्ली हाती आली म्हणजे व्यवहार पुरा झाला, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा तर आहेच, शिवाय घेणारा आणि विकणारा या दोघांनाही तो महागात पडू शकतो. म्हणून अशा खरेदीच्या वेळी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

‘स्वयंचलित’ म्हणजे नेमके काय?

बाजारात सर्वच स्वयंचलित मोटारींना ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात. परंतु छोट्या मोटारींत या नावाखाली मुख्यतः तीन निरनिराळ्या यंत्ररचना येतात, आणि प्रत्येकीची झीज व दुरुस्ती वेगळी असते.

पहिला प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा. यात इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून गिअर बॉक्सकडे जाते. चाकांपर्यंत जाणारी ओढ हळुवार असते आणि घासून झिजणारी नेहमीची क्लच प्लेट नसते. ह्युंदाईची आय-१०, मारुतीची ए-स्टार आणि होंडाची ब्रिओ या छोट्या मोटारींची स्वयंचलित आवृत्ती या जातीची होती. या तिन्ही मोटारींचे उत्पादन थांबले असले तरी जुन्या बाजारात त्या दिसतात.

दुसरा प्रकार सीव्हीटीचा. यात ठराविक दात्यांचे गिअर नसतात. दोन कप्प्यांवरून फिरणारा पट्टा कप्प्यांची रुंदी बदलेल तसा वरखाली सरकतो आणि गती सलगपणे वाढते. निसानच्या मायक्रा मोटारीत ही रचना २०१३ मध्ये आली.

तिसरा आणि आज सर्वांत जास्त आढळणारा प्रकार एएमटीचा. सन २०१४ मध्ये मारुती सुझुकीने सेलेरिओ मोटारीत तो आणला आणि स्वयंचलित मोटार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. पुढे ऑल्टो, वॅगन-आर, टाटा टियागो, रेनॉ क्विड अशा अनेक मोटारींत ही रचना बसविण्यात आली. एएमटीत गिअर बॉक्स आणि क्लच प्लेट नेहमीच्या मोटारीसारखीच असते. चालकाचा पाय आणि हात जे काम करतात, ते येथे संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रणा करते, एवढाच फरक. त्यामुळे एएमटी घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावयास हवी : पेडल नाही म्हणून क्लच नाही असे नव्हे. क्लच आहे, तो झिजतो, आणि आधीच्या मालकाने तो कसा वापरला याचा हिशेब नव्या मालकास चुकवावा लागतो.

प्रकार कसा ओळखावा?

विक्रेत्यास ठाऊक नसले तरी गिअरच्या दांड्याकडे पाहून बराच उलगडा होतो. दांड्यापाशी ‘पी’ हे अक्षर, म्हणजे मोटार उभी करण्याची स्वतंत्र जागा असेल, तर ती बहुधा टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची मोटार असते. केवळ ‘आर’, ‘एन’, ‘डी’ आणि हाताने गिअर बदलण्याची ‘एम’ ही जागा असेल, तर ती बहुधा एएमटी समजावी. अशी मोटार उभी करताना ती गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करावे लागते व हँडब्रेक ओढावा लागतो. खात्रीसाठी मोटारीसोबत मिळणारी मूळ माहितीपुस्तिका पाहावी. ती हरवली असल्यास कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात चौकशी करावी.

मायलेज, परवाना आणि धक्का

स्वयंचलित मोटार पेट्रोल अधिक खाते काय, हा प्रश्न हमखास विचारला जातो. टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या मोटारींबाबत ही तक्रार खरी आहे. एएमटीत मात्र फरक नगण्य असतो. सेलेरिओ बाजारात आली तेव्हा हाताने गिअर बदलावयाची आणि एएमटी, या दोन्ही आवृत्त्यांचे प्रमाणित मायलेज लिटरला २३.१ किलोमीटर असे सारखेच होते. प्रत्यक्ष रस्त्यावर ते याहून कमी मिळते, हे दोन्ही बाबतींत खरे.

दुसरा प्रश्न परवान्याचा. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये दुचाकीच्या परवान्याचे गिअरची व बिनगिअरची असे वर्ग केलेले आहेत. हलक्या मोटार वाहनाचा वर्ग मात्र एकच आहे. तेव्हा ज्याच्याजवळ हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे त्यास स्वयंचलित मोटारीसाठी वेगळा परवाना काढावा लागत नाही.

तिसरा प्रश्न, बॅटरी उतरली तर धक्का मारून मोटार सुरू होते काय? स्वयंचलित मोटारीच्या बाबतीत तशी अपेक्षा ठेवू नये. बंद पडलेली मोटार दोरीने ओढून नेणे हेही गिअर बॉक्सला अपायकारक ठरू शकते. पुढची चाके इंजिनाने फिरणारी असतील तर ती उचलून नेणे हा सुरक्षित मार्ग होय. म्हणून बॅटरीचे वय विचारणे येथे अधिक अगत्याचे असते.

गॅसवर चालणारी स्वयंचलित मोटार मिळते काय, असेही विचारले जाते. कारखान्यातूनच सीएनजी आणि एएमटी एकत्र बसवून आलेल्या मोटारी आपल्या देशात फेब्रुवारी २०२४ पासून, टाटा टियागो व टिगोर यांच्या रूपाने मिळू लागल्या. त्यापूर्वीच्या एएमटी मोटारीत गॅसची टाकी दिसली, तर ती बाहेरून बसवून घेतलेली आहे असे समजावे. अशा फेरबदलाची नोंद नोंदणी पुस्तकात आहे किंवा नाही, आणि टाकीची मुदतीची तपासणी झाली आहे किंवा नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मोटार चालवून पाहताना

मोटार पाहावयास सकाळी, इंजिन थंड असताना जावे. विक्रेत्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल तर काही दोष झाकले जातात. किल्ली फिरविताच सूचक दिवे लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर ते विझतात. गिअरचा किंवा इंजिनाचा दिवा विझत नसेल तर त्याचे कारण समजल्याखेरीज किमतीची बोलणी करू नयेत. दिवा मुळीच लागत नसेल, तर तो मुद्दाम काढून टाकला नाही ना, अशी शंका घ्यावी.

मग पाय ब्रेकवर ठेवून दांडा पुढच्या व मागच्या गिअरमध्ये चार-सहा वेळा टाकून पाहावा. मोठा धक्का बसणे, खाडकन आवाज येणे किंवा गिअर पडावयास विलंब लागणे ही झिजेची लक्षणे होत. एएमटी मोटार गिअर बदलताना किंचित अडखळते, हा तिचा स्वभावच आहे. परंतु जागेवरून निघताना थरथरणे, चढावर इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे आणि जळका वास येणे, ही क्लच प्लेट संपत आल्याची खूण समजावी. म्हणून सपाट रस्त्यावर चक्कर मारून समाधान मानू नये. एखाद्या चढावर थांबून पुन्हा निघावे, मागेही घेऊन पाहावे. चढावर ब्रेक न लावता केवळ ॲक्सिलरेटरवर मोटार रोखून धरण्याची सवय असलेल्या चालकाच्या हाती एएमटीचा क्लच लवकर झिजतो, आणि ती झीज अशा वेळीच उघडी पडते.

टॉर्क कन्व्हर्टर व सीव्हीटी यांचे आयुष्य तेलावर अवलंबून असते. ज्या मोटारीत हे तेल पाहण्याची सोय आहे तेथे ते काळपट पडले आहे काय, त्यास जळका वास आहे काय, हे पाहावे. सीव्हीटीत मंद वेगाला कंप जाणवणे किंवा शीळ घातल्यासारखा आवाज येणे ही इष्ट चिन्हे नव्हेत. सेवा केंद्रातील नोंदींवरून तेल केव्हा बदलले, क्लच बदलला काय, आणि दर खेपेस किती किलोमीटरची नोंद झाली, हे समजते. मीटरवरचा आकडा आणि या नोंदी यांचा मेळ बसत नसेल तर मीटरशी खेळ झाला आहे हे उघड होते. एएमटी व सीव्हीटीचे काम प्रत्येक गॅरेजमध्ये होत नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यात हे काम जाणणारा मेस्त्री किंवा सेवा केंद्र आहे काय, याची चौकशी खरेदीच्या आधी करावी. ज्या कंपनीने देशातील आपला व्यवसाय आवरता घेतला आहे, उदाहरणार्थ २०२२ मध्ये बंद झालेली डॅटसन, तिच्या मोटारीबाबत सुटे भाग कोठून मिळतील हेही विचारून घ्यावे.

आपल्या राज्यात आणखी एक तपासणी चुकवू नये. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी, कोल्हापूर व सांगली भागात ऑगस्ट २०१९ मध्ये, आणि चिपळूण-महाड परिसरात जुलै २०२१ मध्ये मोठे पूर आले. पाण्यात बुडालेली मोटार धुऊन-पुसून विकावयास काढली की ती ओळखू येत नाही. पण गिअरवर हुकमत चालविणाऱ्या विजेच्या यंत्रणेत शिरलेला ओलावा महिन्यांनंतरही त्रास देतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास आत चिखलाची रेघ दिसते. गाद्यांखालच्या पट्ट्यांवरील गंज, दिव्यांच्या काचेआड साचलेले दव आणि जाता न जाणारा कुबट वास हीही साक्ष देतात.

सुरक्षिततेच्या दृष्टीने मोटार केव्हा तयार झाली हे महत्त्वाचे आहे. ब्रेक दाबताच चाके अडकून मोटार घसरू नये यासाठीची एबीएस यंत्रणा १ एप्रिल २०१९ पासून, आणि चालकाच्या बाजूची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. पुढील प्रवाशाची एअरबॅग सर्व नव्या मोटारींत २०२१ अखेरपर्यंत सक्तीची करण्यात आली. त्यापूर्वीच्या स्वस्त आवृत्त्यांत ही साधने असतीलच असे नाही. किमतीतील थोड्या फरकासाठी या गोष्टीकडे काणाडोळा करणे शहाणपणाचे नाही.

कागदांचा सातबारा

जमीन घेताना सातबारा पाहिल्याशिवाय कोणी विसार देत नाही. मोटारीचा सातबारा म्हणजे तिचे नोंदणी पुस्तक. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीवर नोंदणी क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, विम्याची व प्रदूषण तपासणीची मुदत आदी तपशील पाहावयास मिळतो. इंजिन व चेसिस क्रमांक नोंदणी पुस्तकाशी प्रत्यक्ष ताडून पाहावेत. पुस्तकावर बँकेच्या कर्जाचा बोजा असेल, तर तो फिटल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. रस्त्यावरील दंडाची थकबाकी राहिली असेल तर ती विक्रेत्याकडूनच भरून घ्यावी. राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही अतिसुरक्षित नोंदणी पाटी बंधनकारक करण्यात आली आहे; ती बसविली आहे काय, हे पाहावे.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपर्यंत वैध असते. पुढे वाहन सुस्थितीत असल्याची तपासणी करून तिचे नूतनीकरण करावे लागते, आणि राज्यात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. तेरा-चौदा वर्षे झालेली मोटार स्वस्त वाटली तरी हा खर्च हिशेबात धरला पाहिजे. परराज्यातील मोटार स्वस्तात मिळते तेव्हा तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, आपल्या राज्यातील कर आणि नवा नोंदणी क्रमांक यांचा खर्च धरून मगच तुलना करावी.

नाव कोणी, केव्हा चढवावयाचे?

कायद्याच्या कलम ५० नुसार, राज्यातल्या राज्यात मोटार विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत हस्तांतराची खबर नोंदणी प्राधिकाऱ्यास द्यावयाची असते. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत आपले नाव चढविण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. यासाठी नमुना २९ व नमुना ३० वापरले जातात. कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन ते घरात ठेवून देण्याची पद्धत काही ठिकाणी रूढ आहे. ती सर्वथा टाळली पाहिजे.

ती का टाळावी, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालावरून स्पष्ट होते. त्या प्रकरणातील मोटार एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती. परंतु नोंदणी पुस्तकावर नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. त्या मोटारीने अपघात होऊन एकाचा मृत्यू झाला. उच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकास जबाबदारीतून मोकळे केले होते. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला आणि ज्याचे नाव नोंदणीत आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक होय, नुकसानभरपाईची जबाबदारी त्याचीच, असे ठरविले. अपघातग्रस्तास खऱ्या मालकाच्या शोधात हिंडावे लागू नये, हे यामागील तत्त्व आहे. अर्थात, विकून मोकळा झालो असे ज्यास वाटते तो नाव बदलेपर्यंत मोकळा झालेला नसतो.

मोटार ताब्यात देताना दिनांक व वेळ घालून उभय पक्षांच्या सह्यांची ताबा पावती करावी, पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत आणि अर्जाची पोच दोघांनीही जपून ठेवावी. ताबा पावती उपयुक्त असली तरी ती नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

मालक मृत झाला असल्यास वारसाने तीस दिवसांच्या आत मृत्यूची व वाहन वापरण्याच्या इराद्याची माहिती कार्यालयास द्यावयाची असते. तसे केल्यास तीन महिनेपर्यंत वाहन वापरता येते आणि त्या अवधीत नमुना ३१ मध्ये हस्तांतराचा अर्ज करावयाचा असतो. खेडोपाडी मृताच्या नावाची मोटार परस्पर विकली जाते, तेथे ग्रामपंचायत सदस्यांनी कुटुंबास ही माहिती वेळीच दिली तर पुढील पुष्कळ मनस्ताप टळेल.

विम्याचे काय?

मोटारीसोबत तिसऱ्या पक्षाच्या जोखमीचा विमा कलम १५७ नुसार नव्या मालकाकडे हस्तांतरित झाला असे मानले जाते. तरीही त्याने चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलून घेण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा मात्र आपोआप येत नाही. पॉलिसी आपल्या नावावर नसेल तर असा दावा नाकारला जाऊ शकतो. दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत ही व्यक्तीची असते, मोटारीची नव्हे. ती विकणाऱ्याकडेच राहते. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारींना तिसऱ्या पक्षाचा तीन वर्षांचा विमा एकदम घ्यावा लागू लागला. त्यामुळे ‘विमा चालू आहे’ असे सांगितले गेले तरी कोणता विमा चालू आहे, हे कागद पाहूनच ठरवावे.

दलालाकडून घ्यावी की मालकाकडून?

दोन्ही मार्ग खुले आहेत. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत केलेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. तीनुसार अशा विक्रेत्यास नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने वाहन त्याच्या ताब्यात दिल्याची खबर ऑनलाइन नोंदविली गेली की ते विकले जाईपर्यंत तोच मालक मानला जातो. तेव्हा विक्रेत्याचे प्राधिकारपत्र पाहावयास मागण्यात संकोच करण्याचे कारण नाही.

शासकीय कर्मचाऱ्यांनी आणखी एक बाब पाळावयाची असते. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये विहित मर्यादेपेक्षा अधिक किमतीच्या जंगम मालमत्तेच्या व्यवहाराची माहिती विहित प्राधिकाऱ्यास द्यावी लागते, आणि मोटार ही जंगम मालमत्ताच होय. जिल्हा परिषदेच्या सेवेतील शिक्षक व कर्मचाऱ्यांनी आपणास लागू असलेले वर्तणूक नियम पाहून घ्यावेत.

खरेदीचा क्रम

सारांश, प्रथम गिअर बॉक्सचा प्रकार ओळखावा, मग मोटार थंड असताना व चढावर चालवून पाहावी, सेवा केंद्राच्या नोंदी तपासाव्यात, त्यानंतर नोंदणी, बोजा, दंड व विमा यांचे कागद पाहावेत आणि किमतीची बोलणी सर्वांत शेवटी करावीत. प्रत्यक्षात बहुतेकजण हा क्रम उलटा करतात. आधी किंमत ठरते, विसार दिला जातो, आणि दोष कळेपर्यंत माघार घेण्याची वेळ निघून गेलेली असते. जाणकार मेस्त्रीस अर्धा दिवस सोबत नेण्याचा खर्च क्लच बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात नाव बदलून झाल्यावरच व्यवहार पुरा झाला असे समजण्याची सवय लागली, तर रस्त्यावर जखमी होणाऱ्या त्रयस्थ माणसालाही भरपाईसाठी योग्य दार सापडेल, आणि विकणारा व घेणारा दोघेही निर्धास्त राहतील.